दोनशे थ्रेड कशाला? वेब ॲपचा वेग आणि क्लाउडच्या बिलाचा हिशेब

एका ऑनलाइन टेस्ट-सिरीजच्या साईटचं काम काही काळ माझ्याकडे होतं. रविवारी सकाळी दहाला पेपर सुरू व्हायचा आणि दहा वाजून चार मिनिटांनी साईट आचके द्यायला लागायची. सीपीयू बघावा तर २० टक्क्यांवर निवांत. मी घाईघाईत टॉमकॅट या वेब सर्व्हरचे थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक रिक्वेस्ट हाताळणारे कामगार, २०० वरून ८०० केले; डेटाबेसचा कनेक्शन पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, १० वरून ३० केला. पुढच्या रविवारी साईट दोनच मिनिटांत बसली. मग दोन मशिनांची चार केली. आता पोस्टग्रेस या डेटाबेसनेच हात वर केले: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. महिनाअखेरीस बिल आलं, तेव्हा क्लासच्या मालकांनी शांतपणे विचारलं, “सर, पैसे वाढले, मग साईट का नाही वाढली?”

दवाखान्यात बाकडी वाढवली म्हणून डॉक्टर जास्त पेशंट तपासत नाही. मी बाकडी वाढवत होतो. थ्रेडची संख्या वाढवल्याने बहुतेक वेळा क्षमता वाढत नाही, रांग बाहेरून आत सरकते. आत आलेली रांग मेमरी खाते आणि कनेक्शन अडवते. वर ती कोणत्याही ग्राफवर सहज दिसत नाही. त्या फजितीनंतर जी पद्धत बसवली ती इथे लिहितोय. उदाहरण स्प्रिंग बूट (जाव्हाचं वेब फ्रेमवर्क), टॉमकॅट, हिकारी-सीपी (कनेक्शन पूल सांभाळणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस या जोडणीचं आहे, मशिनं एडब्ल्यूएसवरची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरची. पायथन, नोड, पीएचपीवाल्यांसाठी पुढे थोडं आहेच, पण हिशेब सगळीकडे हाच.

पायरी १: रिक्वेस्टचा वेळ कुठे जातो ते मोजा

सेटिंगला हात लावण्याआधी एक महत्त्वाची रिक्वेस्ट निवडा आणि तिचे तुकडे करा. आमच्याकडे ती होती ‘उत्तर जमा करा’. सरासरी २०० मिलिसेकंद लागायचे. त्यातले २० सीपीयूवर, ३० डेटाबेसची वाट बघण्यात, आणि तब्बल १५० एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या एपीआयची वाट बघण्यात. म्हणजे थ्रेड दहातले नऊ भाग वेळ हातावर हात ठेवून बसलेला. अशा कामाला थ्रेडचा फायदा होतो, कारण एक थांबलेला असताना दुसरा सीपीयू वापरतो. याउलट पीडीएफ बनवणं, फोटो लहान करणं, पासवर्डचं हॅशिंग ही कामं सीपीयूची. तिथे कोअरपेक्षा जास्त थ्रेड दिले तर ते फक्त एकमेकांना ढकलत राहतात.

तुकडे मोजायला ट्रेसिंगचं कोणतंही साधन चालेल. काहीच नसेल तर गर्दीच्या वेळी पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप घ्या, म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड काय करतोय याची यादी. जाव्हाबरोबर येणारं जेस्टॅक पुरतं. थ्रेड कुठल्या ओळीवर अडकलेत ते वाचा. इथे एक जुना फास आहे: जाव्हाच्या डंपमध्ये सॉकेटवरून उत्तराची वाट बघणारा थ्रेडसुद्धा ‘रनेबल’ दिसतो. तो राबतोय असं समजू नका. खरोखर सीपीयू कोण खातंय हे टॉप कमांडच्या मोठ्या एचच्या पर्यायाने थ्रेडनिहाय दिसतं.

पायरी २: पाटीपेन्सिलीने थ्रेडचा आकडा काढा

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत घालवलेला वेळ. बँकेच्या रांगेला लागू, टॉमकॅटलाही लागू.

दोन व्हीसीपीयूचं (क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या आभासी सीपीयूचं) मशीन घ्या. प्रत्येक रिक्वेस्टला २० मिलिसेकंद सीपीयू लागतो, म्हणजे वरची मर्यादा सेकंदाला १०० रिक्वेस्ट. सीपीयू पूर्ण भरला की रांग अचानक लांबते, म्हणून ७० टक्क्यांवर थांबू: सेकंदाला ७०. आता ७० गुणिले ०.२ सेकंद म्हणजे १४. एका वेळी फक्त १४ थ्रेड कामात! टॉमकॅट मुळात २०० देतो. मी ८०० दिले होते.

मग २०० चं प्रयोजन काय? वाईट दिवसाचं. बाहेरचा एपीआय १५० मिलिसेकंदांऐवजी २ सेकंद घ्यायला लागला तर ७० गुणिले २.०५ म्हणजे साधारण १४४ थ्रेड अडकतात. अजून निभतं. तोच ५ सेकंदांवर गेला तर ३५४ लागतील, आणि २०० पुरणार नाहीत. यानंतरची साखळी ओळीने बघण्यासारखी आहे, कारण बिल इथेच फुगतं. सगळे थ्रेड अडकले की लोड बॅलन्सरच्या (मशिनांमध्ये रिक्वेस्ट वाटणाऱ्याच्या) हेल्थ चेकलाही थ्रेड मिळत नाही. लोड बॅलन्सर मशीन मेलं असं धरतो. ऑटोस्केलिंग, म्हणजे मशिनं आपोआप वाढवणारी-कमी करणारी यंत्रणा, ते काढून नवं उभं करते. नवं मशीन त्याच संथ एपीआयवर त्याच पद्धतीने अडकतं. एसएमएसवाल्याच्या सर्व्हरला ताप आला आणि मशिनांचे पैसे आपण मोजतोय.

याचा इलाज थ्रेड वाढवणं नाही. बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या, एक सेकंदाचा. अनेक एचटीटीपी क्लायंट मुळात अनंत काळ वाट बघायला तयार असतात, तेव्हा ही ओळ विसरू नका. हेल्थ चेक वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर ठेवा, म्हणजे त्याला स्वतःचे थ्रेड मिळतात. आणि एसएमएससारखं जे काम विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर व्हायची गरज नाही, ते रांगेत टाकून मागून करा. आम्ही एवढंच केलं तेव्हा २०० मिलिसेकंदांची रिक्वेस्ट ५० वर आली. थ्रेडची गरजही ७० गुणिले ०.०५, म्हणजे चारेक. मग आम्ही ६० थ्रेड ठेवले. अडीअडचणीला भरपूर.

व्हीसीपीयू या शब्दावर थोडं थांबतो. एडब्ल्यूएसच्या इंटेल मशिनांवर एक व्हीसीपीयू म्हणजे सहसा अख्खा कोअर नसतो, हायपरथ्रेड असतो. दोन व्हीसीपीयू म्हणजे एकाच कोअरच्या दोन बाजू. एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या ग्रॅव्हिटॉन चिपच्या मशिनांवर मात्र एक व्हीसीपीयू म्हणजे एक पूर्ण कोअर. म्हणून वरचा १०० चा आकडा कागदावरचा समजा, खरा पायरी ४ मध्ये मिळेल.

पायरी ३: डेटाबेसचं दार अरुंदच ठेवा

सगळ्यात जास्त पैसे मी इथे वाया घालवलेले बघितलेत, माझे धरून.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी राहते. मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे आपल्या हाती ९७. हिकारीचा पूल मुळात १० चा. आता गुणाकार करा. आठ मशिनं गुणिले १० म्हणजे ८०. बसतं. पण नवी आवृत्ती चढवताना काय होतं? एडब्ल्यूएसच्या ईसीएस या कंटेनर चालवणाऱ्या सेवेत मूळ सेटिंग असं आहे की जुने कंटेनर चालू ठेवून तितकेच नवे उभे राहू शकतात. आठाचे सोळा, १६० कनेक्शन. कुबरनेटीज या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीत मूळ सूट २५ टक्क्यांची, म्हणजे आठाचे दहा आणि १०० कनेक्शन. तीनाने फसलात. ‘डिप्लॉय करतानाच साईट का पडते’ या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. माझं त्या रविवारचं गणितही असंच: चार मशिनं गुणिले ३०, १२० कनेक्शन.

यावर लोक काय करतात? आरडीएस या एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेवर कनेक्शनची मूळ मर्यादा मेमरीच्या प्रमाणात ठरते, म्हणून डेटाबेसचं मशीन एक साईज मोठं घेतात. डेटाबेस आळसावून बसलाय, पैसे मात्र दुप्पट जाताहेत, आणि कारण काय तर कनेक्शन. त्याआधी लिटलचाच नियम लावा: ७० रिक्वेस्ट गुणिले ०.०३ सेकंद म्हणजे एका वेळी दोन-तीन कनेक्शन. प्रत्येक मशीनला ८ चा पूल ऐसपैस झाला. डेटाबेसच्या बाजूने बघायचं तर पोस्टग्रेसवाल्यांचा जुना अंदाज आहे: कोअरची दुप्पट अधिक डिस्क. चार कोअरच्या डेटाबेसला एका वेळी नऊ-दहा कामं भरपूर. त्यापुढची कनेक्शन डेटाबेसचा वेग वाढवत नाहीत, लॉकसाठी आणि सीपीयूसाठी भांडत बसतात. मशिनं खरोखर खूप असतील तर मध्ये पीजीबाउन्सर हा सगळ्यांचा सामायिक पूल ठेवणारा मध्यस्थ बसवा.

आता हातात आकडा दोन-तीनचा, आणि तरी १० चा पूल संपतो, असं का? आमच्याकडे हेच कोडं होतं. स्प्रिंग बूटमध्ये जेपीए (जाव्हातून डेटाबेस हाताळण्याची पद्धत) वापरताना ‘ओपन इन व्ह्यू’ नावाचं सेटिंग मुळात चालू असतं. सुरू होताना लॉगमध्ये तशी सूचना येते आणि आपण सगळे ती वर्षानुवर्षं स्क्रोल करून टाकतो. त्यामुळे पहिली क्वेरी झाल्यापासून रिक्वेस्ट संपेपर्यंत कनेक्शन हातातच राहतं. मधले एसएमएसचे १५० मिलिसेकंदसुद्धा. म्हणजे ३० मिलिसेकंदांऐवजी जवळजवळ २००, आणि ७० गुणिले ०.२ म्हणजे १४ कनेक्शन. पूल १० चा. चार जण कायम दाराबाहेर. ट्रान्झॅक्शनच्या आत बाहेरचा एपीआय बोलावला तरी हाच प्रकार. ते सेटिंग बंद करा. मग लेझी लोडिंगच्या (लागेल तेव्हाच डेटा आणण्याच्या) चुका उघड्या पडतील, त्या एकेक दुरुस्त कराव्या लागतील, आम्हाला तीन दिवस लागले. बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. आणि हिकारीची कनेक्शनसाठी वाट बघण्याची मूळ मुदत ३० सेकंद आहे, ती २ वर आणा. तीस सेकंद कोरं पान बघत कोण बसतं? विद्यार्थी रिफ्रेश मारतो, आणि आपण निघून गेलेल्या माणसाचं काम करत राहतो.

पायरी ४: लोड टेस्ट, पण प्रामाणिक

के६ हे लोड टेस्टचं साधन घ्या. भार टाकणारं मशीन वेगळं ठेवा. बाहेरच्या एपीआयच्या जागी १५० मिलिसेकंद थांबून उत्तर देणारा नकली सर्व्हर लावा, नाहीतर एसएमएसचं बिल वेगळं येईल.

‘१०० यूजर’ अशी टेस्ट लावू नका. त्यात प्रत्येक खोटा यूजर उत्तर येईपर्यंत थांबतो. म्हणजे सर्व्हर मंदावला की टेस्टही समजूतदारपणे मंदावते आणि आकडे गोंडस येतात. रविवारी दहाला खरे विद्यार्थी असे समजूतदार नसतात. गिल टेने यांनी या फसगतीला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असं नाव दिलंय. के६ मध्ये ठरावीक दराने रिक्वेस्ट पाठवण्याचा प्रकार आहे, तो वापरा. सेकंदाला २०, ४०, ६०, ८०, १०० असं चढत जा, प्रत्येक टप्पा पाच मिनिटं. जाव्हा सुरुवातीला कोड तापवत असते, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांचे आकडे टाकून द्या.

प्रत्येक टप्प्याला चार गोष्टी लिहून ठेवा: ९९ व्या पर्सेंटाइलचा वेळ (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्याच्या आत संपतात तो), सीपीयू, कामात असलेले टॉमकॅट थ्रेड, आणि हिकारीत ताटकळणाऱ्यांची संख्या. टॉमकॅटच्या थ्रेडचे आकडे मुळात बाहेर येत नाहीत, त्यासाठी एमबीन रजिस्ट्रीचं सेटिंग चालू करावं लागतं. सरासरी वेळ लिहू नका. सरासरी सगळ्यांना बरं वाटावं म्हणून असते.

मग वाचन असं. सीपीयू ७०-८० टक्क्यांवर गेला आणि वेळ वाढायला लागला, तर मशीन खरंच भरलं, मोठं किंवा अजून एक घ्यायला हरकत नाही. सीपीयू कमी आहे आणि हिकारीत रांग आहे, तर पायरी ३ कडे परत. सीपीयू कमी, हिकारी रिकामी, पण थ्रेड सगळे कामात, तर बाहेरचा कॉल. फक्त याच स्थितीत थ्रेड वाढवून फायदा होतो, आणि तोही टाइमआउट लावल्यावर. थ्रेड वाढवून उत्तरं वाढली नाहीत आणि फक्त वेळ वाढला, तर आधीच्या आकड्यावर परत या.

पायरी ५: मशीन निवडताना

थ्रेडचा आकडा हाती आला की मशीन निवडणं सोपं होतं, आणि पैसे इथे वाचतात.

मेमरीपासून सुरू करू. जाव्हाचा एक थ्रेड ६४ बिट लिनक्सवर १ एमबी स्टॅक मागतो, म्हणून ८०० थ्रेड म्हणजे ८०० एमबी गेले असं लोक मानतात. तसं नाही. ती जागा राखीव असते, वापरली जाईल तेवढीच खरी मेमरी लागते. खरा खर्च प्रत्येक अडकलेल्या रिक्वेस्टने हीपमध्ये (जाव्हाच्या कामाच्या मेमरीत) धरून ठेवलेल्या वस्तूंचा. दुसरी गंमत म्हणजे जाव्हा उपलब्ध मेमरीच्या फक्त २५ टक्के हीप म्हणून घेते. ४ जीबीच्या मशीनवर १ जीबी. ती संपली की ‘आउट ऑफ मेमरी’ येतं आणि आपण ८ जीबीचं मशीन घेतो. ‘मॅक्स रॅम पर्सेंटेज’ हे सेटिंग ६० ते ७० करून बघा, बहुतेकदा जुनंच मशीन पुरतं.

टी३ सारखी स्वस्त मशिनं ही क्रेडिटवर चालतात. टी३ मीडियमला दोन व्हीसीपीयू मिळतात, पण प्रत्येकी २० टक्क्यांपर्यंतच भाड्यात धरलेले. त्यासाठी तासाला २४ क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण वेगाने. टी३ मुळात ‘अनलिमिटेड’ असतं, म्हणजे क्रेडिट संपले तरी मशीन थांबत नाही, मीटर चालू होतं: लिनक्सवर प्रत्येक व्हीसीपीयू-तासाला ०.०५ डॉलर. समजा थ्रेड नीट बसवले आणि दोन्ही व्हीसीपीयू दिवसभर ५० टक्के कामाला लागले. तासाला ६० क्रेडिट खर्च, ३६ ची तूट, म्हणजे ०.६ व्हीसीपीयू-तास, म्हणजे ०.०३ डॉलर. व्हर्जिनिया रीजनमध्ये टी३ मीडियमचं भाडं तासाला ०.०४१६ डॉलर. बेरीज ०.०७१६. तिथेच ग्रॅव्हिटॉनचं सी६जी लार्ज, तेवढीच मेमरी आणि दोन पूर्ण कोअर, ०.०६८ ला. मुंबई रीजनचे दर वेगळे आहेत, पण हिशेबाची रीत हीच. आठवड्यातून एकदा तीन तास राबणाऱ्या आमच्या साईटला टी३ च योग्य होतं. दिवसभर ५० टक्के चालणाऱ्या साईटला ते महागात पडतं, आणि बिलात ती ओळ भाड्यापासून वेगळी असते म्हणून लक्षात येत नाही.

कुबरनेटीजवर असाल तर सीपीयू लिमिट तपासा. लिमिट १ म्हणजे एक कोअर तुमच्या नावावर असं नाही. दर १०० मिलिसेकंदांत १०० मिलिसेकंदांचा सीपीयू, एवढाच कोटा. आठ कोअरच्या नोडवर, म्हणजे खालच्या मशीनवर, आठ थ्रेड एकदम धावले तर कोटा १२.५ मिलिसेकंदांत खलास, आणि पुढचे ८७.५ मिलिसेकंद सगळे जागच्या जागी गोठलेले. सरासरी सीपीयू निवांत, ९९ वा पर्सेंटाइल आभाळाला. कंटेनरच्या सीपीयू स्टॅट फाइलमध्ये ‘थ्रॉटल्ड’चा आकडा वाढतोय का बघा. जाव्हा लिमिट ओळखून आपले थ्रेड बेतते. गो भाषा मात्र १.२५ आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट २०२५ पर्यंत, नोडचे सगळे कोअर आपलेच समजायची.

इतर भाषावाल्यांसाठी

पायथनमध्ये जीआयएल या आतल्या कुलपामुळे एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथन कोड चालवतो. म्हणून गनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरमध्ये सीपीयूसाठी वर्कर आणि वाट बघण्यासाठी थ्रेड अशी विभागणी करा. वर्करच्या संख्येची तिथली प्रसिद्ध शिफारस कोअरची दुप्पट अधिक एक. जीआयएलविना चालणारा पायथन ३.१३ मध्ये प्रायोगिक आला, पण लायब्ररींची तयारी बघूनच त्याला हात लावा. नोड.जेएसमध्ये फाइल, डीएनएस, क्रिप्टो यांच्यासाठी मागे फक्त चार थ्रेड असतात, हे विसरून लोक लॉगिनच्या हॅशिंगला दोष देतात. पीएचपी-एफपीएममध्ये थ्रेड नाहीत, प्रोसेस आहेत. तिथे ‘मॅक्स चिल्ड्रन’ गुणिले एका प्रोसेसची मेमरी हा हिशेब मशीनच्या मेमरीत बसला पाहिजे.

सर्व्हर न सांभाळता कोड चालवून देणाऱ्या दोन सेवा, एडब्ल्यूएसचं लॅम्बडा आणि गूगलचं क्लाउड रन, यांतला फरक पैशांत मोजण्यासारखा आहे. साध्या लॅम्बडात एक एन्व्हायर्नमेंट एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतं आणि वाट बघण्याचे मिलिसेकंदही बिलात धरले जातात. सेकंदाला १०० रिक्वेस्ट, प्रत्येकी २०० मिलिसेकंद, म्हणजे २० एन्व्हायर्नमेंटचे पैसे, त्यातले नव्वद टक्के निव्वळ थांबण्याचे. क्लाउड रनचा एक कंटेनर मुळात ८० रिक्वेस्ट एकदम घेऊ शकतो, तीच वाट सगळे मिळून बघतात. अर्थात आत एका वेळी एकच काम करणारा एकच सिंक वर्कर बसवला असेल तर ७९ जण आत येऊन उभेच राहतील.

व्हर्च्युअल थ्रेड

सप्टेंबर २०२३ मध्ये जाव्हा २१ बरोबर व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जाव्हा स्वतः सांभाळते ते हलके थ्रेड, आले, आणि स्प्रिंग बूट ३.२ पासून एका सेटिंगवर चालू होतात. वाट बघण्याचं काम ते जवळजवळ फुकट करतात. सीपीयूचं काम तसूभरही वेगाने होत नाही. आणि टॉमकॅटची २०० ची मर्यादा निघून जाते, जी नकळत डेटाबेसचं रक्षण करत होती. मग हजारो रिक्वेस्ट थेट हिकारीच्या दारात. म्हणून बाहेरच्या प्रत्येक सेवेपुढे सेमाफोर, म्हणजे एका वेळी किती जण आत जातील याची मर्यादा, लावा. जाव्हा २४ च्या आधीच्या आवृत्तीत सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कोडच्या) आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड अडवून धरतो, जुने डेटाबेस ड्रायव्हर असतील तर हे आधी तपासा.

पायरी ६: ऑटोस्केलिंगचा काटा बदला

वाट बघणारं ॲप सीपीयूवर स्केल होत नाही. सीपीयू २० टक्के असतानाच लोक ताटकळतात आणि ऑटोस्केलिंगला काही कळत नाही. लोड बॅलन्सरचा ‘प्रति मशीन रिक्वेस्ट’ हा आकडा घ्या. तो मिनिटाचा असतो. टेस्टमध्ये सेकंदाला ७० सुखाने निघाले असतील तर ५० धरा, म्हणजे मिनिटाला ३०००. खाली उतरतानाचा वेग सावकाश ठेवा.

आमच्या साईटला तेही पुरेना, कारण गर्दी चढत येत नाही, दहाच्या ठोक्याला येते. नवं मशीन उभं राहून जाव्हा तापेपर्यंत पहिले पाच प्रश्न संपलेले असतात. म्हणून वेळापत्रकच लावलं. एरवी दोन मशिनं, ६० थ्रेड, ८ चा पूल. रविवारी ९:४० ला तिसरं उभं राहतं, पाच मिनिटं नकली रिक्वेस्ट खाऊन गरम होतं, आणि पेपर संपला की १:१५ ला बंद होतं.